दरडीवरच्या म्हातारीचं नाव

नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या उज्वलाबाई विधात्यांना लॅटिनचं वेड होतं, आणि तेही सगळ्या लॅटिनचं नाही, फक्त जमीन उकरणाऱ्या जनावरांपुरतं. वर्ष सुरू झालं की पहिल्याच तासाला त्या फळ्यावर 'फॉसर' असं लिहायच्या. फॉसर म्हणजे खोदणारा. मग टाल्पा, म्हणजे जमिनीखाली राहणारा, जवळजवळ आंधळा, आपल्या चिचुंद्रीचा युरोपातला लांबचा भाऊ. मग कुनिक्युलस. इथे आल्या की बाई खुलायच्या. रोमन लोक सशाला कुनिक्युलस म्हणत, सशाच्या बिळालाही कुनिक्युलस म्हणत, आणि वेढा घातलेल्या शहराच्या तटाखालून शत्रू गुपचूप भुयार खणत येई, त्यालाही कुनिक्युलसच म्हणत. घुशीच्या शास्त्रीय नावाची तर त्यांना फार मौज वाटे. ते मुळात लॅटिन नव्हेच, तेलुगूतला साधा 'डुक्कर-उंदीर' लॅटिनचा कोट चढवून बसलाय, असं त्या सांगत. मुलं लिहून घेत आणि परीक्षा झाली की विसरत. पिंपळगावला बाईंच्या भावाची द्राक्षबाग होती. तो म्हणायचा, ताई, नाव काय का असेना, माझ्या ठिबकच्या नळ्या कुरतडायची थांबत नाही ती.

बाईंचं लॅटिन मनावर घेतलं ते एकट्या चंदर भोयेनं. पेठ तालुक्यातल्या डोंगरात करंजदरा नावाचा पाडा आहे, तिथला हा माणूस. भाताची दोन खाचरं, वर उतारावर थोडी नागली, म्हणजे नाचणी, आणि दिवाळीनंतर बायकोला घेऊन द्राक्षाच्या कामाला खाली उतरायचं, असा त्याचा वर्षाचा रिवाज. बाई त्या भागात बिळात राहणारे कोळी-किडे शोधत हिंडायला लागल्या तेव्हा वाट दाखवायला तो सोबत आला आणि मग दरवर्षी येत राहिला. दिवसभर कानावर पडलेले शब्द तो संध्याकाळी घरी सांगायचा. त्याच्याकडे एक तांबडं कुत्रं होतं, सारखं जमीन उकरायचं. त्याचं नाव त्यानं फॉसर ठेवलं. बाईंना याचा इतका आनंद झाला होता की कॉलेजातल्या प्रत्येकाला त्यांनी ती गोष्ट निदान दोनदा ऐकवली.

त्या पाड्यावर, चंदरच्या झोपडीमागच्या दरडीत, बाईंना त्यांचा कोळी सापडला. तळहाताएवढा, केसाळ, काळ्यावर तपकिरी झाक असलेला. सापडला म्हणायचं एवढंच, कारण चंदरच्या आईला, चिमणाबाईला, सून म्हणून आल्यापासून तो माहीत होता. दरडीत बिळं होती, प्रत्येक बिळाच्या तोंडाशी पांढऱ्या रेशमाची झालर होती आणि आत एकेक मादी होती. असली मादी वीस-वीस वर्षं एकाच बिळात काढते. चिमणाबाई तिला म्हातारी म्हणायची. त्या घरची रीत अशी की दरडीवर कुदळ चालवायची नाही, आणि नवी नागली घरात आली की पहिली चिमूट दरडीकडे टाकायची. का, म्हणून बाईंनी विचारलं होतं. माझी सासू टाकायची, असं उत्तर आलं होतं.

चिमणाबाईनं बाईंना एकच अट घातली. एक न्यायची तर न्या, पण दरड उकरायची नाही. बाईंनी ती अट पाळली. चंदरनं गवताची काडी बिळात हळूहळू फिरवली, म्हातारी खवळून काडीच्या मागे बाहेर आली आणि बाईंनी तिला बाटलीत घेतलं. नवं नाव द्यायचं तर एक जीव असा कायमचा बाटलीत जातो. नाव त्याच्यावर टेकलेलं असतं. मग चंदरनं जागा सांगणारं यंत्र बिळाच्या तोंडाशी धरलं आणि त्यावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे मोठ्यानं वाचले. बाईंनी ते टिपून घेतले.

आता नावाचा प्रश्न आला. शास्त्रातलं पहिलं नाव आडनावासारखं असतं, ते आधीच ठरलेलं होतं. दुसरं बाईंनी द्यायचं होतं. वनस्पतिशास्त्राच्या ज्योत्स्ना मॅडम बाईंच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता बजावलं होतं, की उज्वला, गावाचं नाव देऊ नकोस आणि जागा तालुक्याच्या पुढे लिहू नकोस. आम्ही ऑर्किडची जागा लिहिणं केव्हाच सोडलंय, लेख छापून आला की पंधरवड्यात झाड उपटून नेतात. असले कोळीही लोक बाहेरच्या देशात हौसेनं पाळतात.

बाईंनी ऐकलं नाही. जुन्या साहेब लोकांनी प्राण्यांची वर्णनं करून खाली नुसतं 'दख्खन' असं लिहून ठेवलं होतं. तसा एक प्राणी पुन्हा शोधताना बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. तेव्हापासून अचूकपणा हा त्यांचा देवधर्म झाला होता. आणि खरं सांगायचं तर नुसता अचूकपणाही नव्हता. असल्या केसाळ कोळ्यांना म्हणतात तो टॅरँटुला हा शब्दसुद्धा इटलीतल्या एका गावावरून आलाय, मग एखाद्या कोळ्यानं जगभर करंजदऱ्याचं नाव का मिरवू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. नाव ठेवलं करंजदरेन्सिस. करंजदऱ्याची रहिवासी. ते स्वतःशी पुटपुटताना बाईंना किती गोड वाटायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लेखात आकडे शेवटच्या दशांशापर्यंत छापून आले.

छापून आलं, कौतुक झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. त्यानंतर बाईंना एक खोड लागली. अधूनमधून मोबाईलवर ते नाव टाकून बघायचं. दर वेळी आपलाच लेख दिसायचा आणि बाई खूश व्हायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र एके दुपारी वेगळंच पान उघडलं. प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत, ओल्या भुशावर, पाय आखडून बसलेली म्हातारी. खाली तेच नाव, एका अक्षराचीही चूक न करता लिहिलेलं. पुढे लिहिलं होतं, पूर्ण वाढलेली मादी, जंगलातून पकडलेली. आणखी उपलब्ध.

नाव नसतं तर यांना विकायला काय होतं, हा पहिला विचार बाईंच्या मनात आला आणि तो काही केल्या जाईना. त्यांनी चंदरला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मग त्यांनी काय केलं? काहीच नाही. या दुसऱ्या डोंगरातल्या असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. परीक्षा आल्या, पेपर तपासायचे आले. पेठला जायला गाडीनं दीड-दोन तासही लागत नाहीत, आणि बाईंना तेवढ्यासाठी दोन महिने सवड झाली नाही. सवड होती. धीर नव्हता.

जानेवारीत उपसरपंच लखनचा फोन आला. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर पाड्याच्या तोंडाशी नावाचा मोठा बोर्ड लावायचा होता, 'करंजदरेन्सिसचे गाव', आणि उद्घाटनाला मॅडमच हव्या होत्या. बोलता बोलता त्यानं पुढचंही सांगितलं. गावाला एवढं नाव मिळालं, पण चंद्यानं शेण खाल्लं. भातकापणीनंतर जीपमधून दोन माणसं आली, कुणाला काही न विचारता नीट दरडीवर गेली आणि अख्खी दरड उकरून म्हाताऱ्या घेऊन गेली. चंदर घरी नव्हता, त्याची आई बाजारला गेली होती. कुणी दाखवल्याशिवाय जागा कशी कळणार? आणि दाखवणारा चंद्याशिवाय दुसरा आहे कोण? गावानं त्याला विचारलं तर तो मान खाली घालून बसला. म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंयच ना. तेव्हापासून त्याच्याकडे कुणी जात नाही, तोही यंदा द्राक्षाच्या कामाला खाली उतरला नाही. त्याचं भात झोडायचं होतं तर त्याच्या इर्जिकीला एक माणूस आला नाही, नवरा-बायको आणि त्याची आई तिघंच राबली.

"हो का," उज्वलाबाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. मी केलं ते, हे तीन शब्द जिभेवर होते आणि बाहेर आले ते दोन भलतेच. इर्जीक म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावायला नको होतं. त्या शेतकऱ्याच्याच घरच्या. सगळ्यांनी मिळून एकेकाचं काम उरकायचं, आज तुझं, उद्या माझं. तिथून ज्याला वगळलं त्याला गावानं जिवंतपणीच वजा केलं. आणि हे सगळं त्यांच्या हौसेपायी. त्याच वेळी त्यांनी ठरवलं, की सव्वीस तारखेला सगळ्यांसमोर सांगून टाकायचं.

सव्वीसला शाळेसमोर पताका होत्या, खुर्च्यांना पांढरी कापडं होती. बाईंना टोपी नको म्हणून शाल घातली, नारळ दिला. पाटीवर तांबड्या अक्षरांत नाव रंगवलेलं होतं आणि शेजारी कोळ्याचं चित्र होतं. चित्रकारानं त्याला दहा पाय काढले होते. एरवी बाईंनी ते तिथल्या तिथे पुसायला लावले असते. त्यांची नजर चंदरला शोधत होती. तो सगळ्यांच्या मागे, हातपंपाजवळ, एकटाच उभा होता. फॉसर त्याच्या पायाशी बसलं होतं. बाईंनी बघितलं तेव्हा त्यानं हात जोडले, आणि बाईंना वाटलं, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माईकसमोर त्यांनी लॅटिनचा एकही शब्द काढला नाही.

"ती जागा चंदरनं दाखवली नाही," त्या म्हणाल्या. "मी दाखवली. या जागेचा पत्ता मी छापून सगळ्या जगाला दिला. ते लोक माझा लेख वाचून आले. जे गेलं ते माझ्यामुळं गेलं."

मग लखननं माईक हातात घेतला. तो अगदी मनापासून बोलत होता.

"मोठी मानसं अशीच असत्यात," तो म्हणाला. "आपल्या मानसाची चूक सोताच्या अंगावर घेत्यात. पर मॅडम, गाव काय आंधळं नाय."

आणि टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. बाई माईक परत मागत राहिल्या, अहो खरंच सांगते, म्हणत राहिल्या, आणि त्या जितकं बोलत तितक्या टाळ्या वाढत. ज्या माणसासाठी त्या उभ्या राहिल्या होत्या तो आता आणखी चोर ठरला होता, कारण मॅडमना त्याच्यासाठी खोटं बोलावं लागलं. चंदर वळून घराकडे चालू लागलेला त्यांना दिसला. मोठेपणाची शाल अंगावर असली की खरं बोललेलंही दान म्हणून खपतं, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

खुर्च्यांच्या टोकाला योगेश गुरुजी बसले होते. सटाण्याकडचे, दिवाळीनंतर बदली होऊन आलेले. शाळा आणि आपली खोली यापलीकडे त्यांना पाड्यातलं काही ठाऊक नव्हतं. बाई लखनच्या हातातून माईक घेऊन सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, की गुरुजी, तुम्ही दरड पाहिलीय? गुरुजींनी नाही म्हटलं. कधी वरच्या अंगाला गेलाय? नाही. मग मोबाईल काढा, बाई म्हणाल्या, आणि मी लेखात छापलेले आकडे सांगते ते नकाशात टाका. लेख त्यांना उघडावा लागला नाही. ते आकडे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी ते माईकवरून सगळ्यांना ऐकू जातील असे सांगितले.

"आता तो बाण नेईल तिकडे जा," त्या म्हणाल्या. "कुणाला विचारू नका."

गुरुजी बिचारे गोंधळले, पण पाहुण्यांचा शब्द मोडवेना. मोबाईलमध्ये डोकं घालून ते निघाले आणि त्यांच्यामागे अख्खा पाडा निघाला. सुरुवातीला गंमत चालली होती. कुणीतरी त्यांना मुद्दाम विहिरीकडे वळवू पाहिलं, गुरुजी दोन पावलं चुकले आणि पुन्हा वाटेवर आले. त्यांनी खाचराचा बांध ओलांडला, भाताची धसकटं तुडवली, आंब्याखालून गेले. चंदरची झोपडी आली तेव्हा मागचं हसणं थांबलं होतं. गुरुजींनी झोपडीकडे मान वर करूनही पाहिलं नाही. ते वळसा घालून मागे गेले आणि उकरलेल्या दरडीतल्या एका मोठ्या खड्ड्यासमोर उभे राहिले.

"आठेच शे," ते म्हणाले. मग आपण घरच्या बोलीत बोललो हे ध्यानात येऊन ओशाळले आणि हळूच म्हणाले, "इथंच आहे."

बाई त्या दरडीकडे बघत होत्या. उकरलेली अशी ती त्यांनी आत्ताच प्रथम बघितली. कुदळीनं उभी फाडलेली माती, मध्येच फाटक्या रेशमाच्या चिंध्या, बिळांच्या जागी नुसती भगदाडं. त्यांनी स्वतः कधी इथं कुदळ लावली नव्हती. चिमणाबाईला दिलेला शब्द पाळल्याचा त्यांना केवढा अभिमान होता. आणि घरी टेबलापाशी बसून त्यांनी तटाखालून भुयार खणून ठेवलं होतं, थेट तिच्याच परसात उघडणारं. आपण इथे उभं राहायच्या लायकीचे नाही, असं त्यांना वाटलं.

लखनचा चेहरा उतरला होता. तो चंदरकडे गेला. चंदर झोपडीच्या कुडाला टेकून बसला होता.

"मंग तू बोलला का नाय?" लखननं विचारलं. "इतके दिवस गाव तुला काय काय बोललं. एकदा तरी सांगायचं."

"काय सांगू?" चंदर म्हणाला. "ते आकडे मीच वाचले व्हते. मशीन माझ्या हातात व्हतं. मी वाचत गेलो, मॅडम लिहीत गेल्या. माझ्याच तोंडून गेलं ना ते."

गाव त्याला दोषी मानत होतं हे उज्वलाबाईंना माहीत होतं. तो स्वतःच स्वतःला दोषी मानून बसला असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. म्हणून फोन उचलला नाही. म्हणून मान खाली. दोन महिने त्या नाशिकमध्ये धीर गोळा करत बसल्या आणि हा माणूस इथे त्यांचं पाप आपलं समजून भोगत राहिला.

"तू वाचलेस, चंदर," त्या म्हणाल्या. "छापले मी. मला छापू नको म्हणून सांगितलं होतं, तरी छापले."

चंदरनं मान हलवली, पण मॅडमचं ऐकायचं असतं म्हणून हलवावी तशी. लखन त्याच्या शेजारी उकिडवा बसला. नागलीचं वरचं शेत नांगरायचं राहिलंय ना, असं काहीतरी विचारू लागला. त्याच्या आवाजात माफी होती आणि ती त्याला नीट मागता येत नव्हती.

इतका वेळ चिमणाबाई झोपडीच्या दारातून सगळं बघत होती. ती आता काठी टेकत बाहेर आली आणि बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, तो बोर्ड काढतील," ती म्हणाली. "पर म्हातारीला दिलेलं नाव काढून घेता येल का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एकदा दिलं की ते राहतं. मलाही काढता येत नाही."

चिमणाबाई वळली, दरडीच्या न उकरलेल्या टोकाकडे चार पावलं गेली आणि दरडीला पाठ लावून उभी राहिली. लुगड्याचा घोळ तिनं पायाशी जरा पसरला. साध्या नजरेला त्यात काही दिसलं नसतं. पण बाईंची नजर आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी तयार झालेली होती. चिमणाबाईच्या टाचेमागे, दगडाच्या सावलीत, त्यांना पांढऱ्या रेशमाची कड दिसली. ताजी होती. शेजारी नागलीचे दोन-चार दाणे पडले होते.

एक राहिली होती. वाकावं, नुसतं एकदा बघावं, एवढंच बाईंना वाटलं. त्यांनी मान वर केली तर चिमणाबाई त्यांच्याकडेच बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. शेतात ढोर शिरू नये म्हणून कुंपणाशी उभं राहावं, तशी ती उभी होती.

"मॅडम," मागून लखननं विचारलं, "एखादी तरी वाचली आसंल का हो?"

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघू लागले. या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच होता.

"नाही," उज्वलाबाई म्हणाल्या. "एकही राहिलेली नाही. इथं आता काही नाही, आणि मी तसंच लिहिणार आहे. तसंच छापणार आहे."

शास्त्राच्या बाबतीत त्या जन्मात पहिल्यांदाच खोटं बोलल्या, आणि ते मात्र सगळ्यांनी लगेच खरं मानलं. त्यांनी अंगावरची शाल काढून घडी केली, दरडीकडे पाठ फिरवली आणि गुरुजींना म्हणाल्या, चला. खाचराच्या बांधावर पोचल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं. माणसं पांगली होती, लखन आणि चंदर कुडापाशी बोलत बसले होते, फॉसर कुठंतरी माती उकरत होतं. चिमणाबाई अजून तिथंच होती. बाई पार दिसेनाशा होईपर्यंत ती जागची हलली नाही.